मुले दूर गेली, पाचारण संपलेले नाही

जून ते सप्टेंबर या महिन्यांत ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील धर्मग्रामांच्या कचेरीत मिस्सासाठी नोंदविले जाणारे हेतू पाहिले, तर त्यांत एक हेतू पुन्हा पुन्हा आढळतो. मुलाला व्हिसा मिळाला, मुलीला बंगळुरूला नोकरी लागली, पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, म्हणून परमेश्वराचे आभार. हे आभार मनापासून मानलेले असतात आणि ते मानलेच पाहिजेत. मात्र त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्याच घरात काय चालले आहे, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी मिस्सा अर्पण करावा, असे सांगावयास सहसा कोणी येत नाही.

काही वर्षांनंतर एखाद्या रात्री परदेशातून फोन येतो. "फादर, मम्मी सकाळपासून फोन उचलत नाही, कोणाला तरी घरी पाठवाल का?" या पट्ट्यात सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना असे फोन आता नवे राहिलेले नाहीत. बहुतेक वेळा फोनची बॅटरी संपलेली असते, आणि कधीकधी तसे नसते.

मानसशास्त्रज्ञ या अवस्थेला 'रिकामे घरटे' म्हणतात. उपमा चांगली असली तरी ती अर्धीच लागू पडते. पिल्ले उडाली की बहुतेक पक्षी घरटे सोडून निघून जातात. माणूस मात्र त्याच घरट्यात, त्याच भिंतींमध्ये, पुढची वीस-पंचवीस वर्षे काढतो. ही वर्षे कशासाठी आहेत, हा आजच्या लेखाचा विषय आहे. 'आता तुम्हांला वेळ आहे, तर चर्चच्या कामाला या' एवढे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. वेळ घालविणे आणि सेवाकार्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रथम ही पिढी कोणती, हे ध्यानात घ्यावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून या गावांचे जीवन रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधले गेले. ठाण्याच्या वाडी-पाड्यांतील मूळचे ईस्ट इंडियन, वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून आणि केरळातून आलेले, अहमदनगर-औरंगाबादकडून पोटासाठी उतरलेले मराठी ख्रिस्ती, असे सर्वजण येथे एकत्र आले. कोणी वागळे इस्टेटमध्ये, कोणी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत, कोणी मोहोन्याच्या रेयॉन कारखान्यात कामाला लागले, आणि फार मोठ्या संख्येने लोक मुंबईच्या कचेऱ्यांत गेले. मोहोन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. ठाण्यातील कित्येक कारखान्यांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत.

डोंबिवली स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटर अंतरावर आहे. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत दीड तास धरला, तर जाण्यायेण्यात रोजचे तीन तास होतात. वर्षाचे तीनशे दिवस आणि नोकरीची तीस वर्षे असा हिशेब केला, तर सत्तावीस हजार तास, म्हणजे सलग तीन वर्षांहून अधिक काळ केवळ प्रवासात जातो. हे तास कोठून आले? ते प्रार्थनेतून आले, झोपेतून आले आणि बहुतांशी पती-पत्नीच्या संभाषणातून आले. रात्री नऊ वाजता घरी पोहोचलेली माणसे एकमेकांशी फी, परीक्षा, क्लास आणि गॅस सिलिंडर याविषयी बोलतात. मुले निघून गेली की हे सर्व विषयही त्यांच्याबरोबर निघून जातात. त्याच सुमारास निवृत्तीही येते. मग तीस वर्षांनंतर दोन माणसे प्रथमच एकमेकांसमोर बसतात आणि काय बोलावे हे त्यांना सुचत नाही. घरभेटीला गेलो असता हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. टीव्ही चालू असतो, तो कोणी पाहत नसते.

टोबीतच्या घरातील वाट पाहणे

आपल्या कॅथलिक बायबलमध्ये टोबीतचा ग्रंथ आहे. विवाहाच्या मिस्सात त्यातील टोबियास आणि सारा यांची प्रार्थना वाचली जाते. म्हणून हा ग्रंथ आपल्याला नवविवाहितांचा वाटतो. खरे म्हणजे त्यातील निम्मी कथा मागे राहिलेल्या आईवडिलांची आहे.

टोबीत दृष्टिहीन झाला आहे. त्याची पत्नी हन्ना विणकाम करून घर चालविते. दूर मेडिया देशी ठेवलेले पैसे आणावयास तो एकुलत्या एका मुलाला, टोबियासला, पाठवितो. निरोपाच्या वेळी हन्ना रडते आणि पतीला विचारते की आपल्या हातची काठीच का दूर धाडलीस (टोबीत ५). दिवस जातात. टोबीत जाण्याचे किती दिवस आणि येण्याचे किती दिवस, हे मोजत बसतो. हन्ना रोज बाहेर जाऊन रस्त्याकडे पाहत राहते. मुलगा मेला असावा असे तिला वाटते. पती तिला शांत राहण्यास सांगतो, तर ती त्यालाच गप्प राहावयास सांगते (टोबीत १०). इकडे मुलगा सुखरूप असतो. पैशासाठी गेलेला तो मुलगा तेथेच विवाह झाल्यामुळे लांबलेला असतो. आमच्या वाचकांपैकी काहींना या ठिकाणी आपल्या घरची आठवण आली, तर त्यात नवल नाही.

पवित्र शास्त्र या आईला दोष देत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिचे रडणे, तिचे चिडणे, पतीशी झालेला वाद हे सर्व देवाच्या वचनात जागा मिळवून आहे. मुलांच्या जाण्याचे दुःख करणे म्हणजे श्रद्धा कमी असणे, असे जे आपल्याकडे कधीकधी सुचविले जाते, त्याला या ग्रंथात आधार नाही. परदेशी गेलेल्या मुलाबद्दल आईने डोळ्यांत पाणी आणले की 'त्याचे चांगले झाले ना, मग रडतेस कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी टोबीतचा दहावा अध्याय एकदा वाचावा.

परंतु त्याच ग्रंथात दुसरी एक बाजू आहे. टोबीतने आयुष्यभर उपाशी लोकांना अन्न दिले, उघड्यांना वस्त्र दिले, बेवारस मृतांना मूठमाती दिली. सणाच्या दिवशी पान वाढल्यावर तो मुलाला आधी बाहेर पाठवितो आणि एखादा गरीब बांधव जेवावयास घेऊन ये, असे सांगतो (टोबीत २). त्या घरात मुलगा असतानाही जेवणाच्या पानावर दुसऱ्याची जागा राखलेली होती. आईवडिलांचे पाचारण केवळ स्वतःच्या मुलापुरते नसते, ही जाणीव मूल घरी असतानाच रुजवावी लागते. ज्यांनी ती तेव्हा रुजविली नाही, त्यांना ती आता रुजविता येते. थोडे अधिक कष्ट पडतात, इतकेच.

ख्रिस्तसभा काय सांगते

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ नोव्हेंबर १९८१ रोजी कुटुंबाविषयी 'फॅमिलिआरिस कोन्सोर्सिओ' हे प्रबोधनपत्र प्रसिद्ध केले. कुटुंबाला धर्मगुरूंच्या आणि ख्रिस्तसभेच्या साहाय्याची विशेष गरज असते, असे कठीण प्रसंग त्यांनी ७७व्या परिच्छेदात सांगितले आहेत. त्यांत वैधव्य आहे, जोडीदाराने सोडून जाणे आहे, आणि विवाहामुळे मुलांचे घरापासून दूर जाणेही आहे. म्हणजे ही अवस्था घरातल्या घरात निस्तरण्याची खाजगी बाब आहे, असे ख्रिस्तसभेने मानलेले नाही. धर्मग्रामाने त्यात लक्ष घालावे, अशी अपेक्षा आहे. आपण धर्मगुरू विवाहापूर्वी जोडप्यांचे वर्ग घेतो, पहिल्या कम्युनियनच्या वेळी पालकांना एकत्र बोलावितो, दृढीकरणाच्या वेळी पुन्हा बोलावितो. त्यानंतर थेट अंत्यविधीलाच त्या घराशी आपला संबंध येतो. मधल्या पंचवीस वर्षांसाठी आपल्याकडे फारसे काही नाही, हे मान्य करण्यास हरकत नसावी.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर हुकूमनामा प्रसिद्ध केला. त्याच्या ११व्या परिच्छेदात कुटुंबांनी करावयाच्या कार्यांची एक यादी येते. टाकून दिलेल्या बालकांना आपले म्हणणे, परक्यांचे घरी स्वागत करणे, शाळांना हातभार लावणे, तरुणांना सल्ला देणे, विवाहेच्छू जोडप्यांची तयारी करून घेणे, धर्मशिक्षण देणे, संकटात सापडलेल्या दाम्पत्यांना व कुटुंबांना आधार देणे, वृद्धांची विचारपूस करणे. या यादीला वयाची अट नाही. मात्र सकाळची सातची लोकल पकडणाऱ्या आणि घरी दोन लहान मुले असणाऱ्या जोडप्याला यांतील किती कामे जमतील, याचा विचार केला, तर विश्वपरिषदेच्या अपेक्षेतील मोठा भाग कोणाच्या वाट्याला येतो, हे वेगळे सांगावयास नको.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजीआजोबा व वयोवृद्ध यांच्यासाठी जागतिक दिवस सुरू केला. संत योआकिम आणि संत ॲना यांच्या २६ जुलैच्या सणाजवळचा, म्हणजे जुलैचा चौथा रविवार त्यासाठी ठरविण्यात आला. शुभवर्तमान सांगण्याच्या कामाला निवृत्तीचे वय नसते, असे त्यांनी त्या पहिल्या वर्षीच्या संदेशात आवर्जून सांगितले. ते स्वतः २०१३ मध्ये पोप झाले तेव्हा ७६ वर्षांचे होते.

(कल्याण, डोंबिवली, बदलापूरच्या लोकांना २६ जुलै ही तारीख वेगळ्याच कारणासाठी आठवते. २००५ च्या त्या महापुरात गाड्या बंद पडल्या, फोन बंद पडले आणि मुले मुंबईत अडकली. त्या रात्री कोणत्या घरी एकटे म्हातारे माणूस आहे, याची माहिती शेजाऱ्यालाच असते, हे साऱ्यांना कळले.)

मुलाच्या काळजीतून उभे राहिलेले कार्य

संत लुईज द मारिलाक यांचे नाव आपल्याकडे संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्यासोबत घेतले जाते. त्या धर्मभगिनींच्या संस्थेच्या संस्थापिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या एका मुलाची आई होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १६२५ च्या डिसेंबरमध्ये पॅरिस येथे त्यांच्या पतीचे निधन झाले. मुलगा मिशेल तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढे तो सेमिनरीत राहावयास गेला. आई घरी एकटी राहिली. त्या मुलाची प्रकृती, त्याचा अभ्यास, त्याचे मन सेमिनरीत रमते की नाही, याच्या चिंतेने त्यांना ग्रासले. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक असलेले संत व्हिन्सेंट आपल्या पत्रांतून त्यांना या अतिकाळजीबद्दल वारंवार समज देत असत.

परंतु त्यांनी केवळ समज दिली नाही. १६२९ च्या मे महिन्यात त्यांनी लुईज यांना मॉमिराय या गावी पाठविले. खेड्यापाड्यांत गरिबांच्या सेवेसाठी स्थापन झालेल्या मंडळांचे काम कसे चालले आहे, हे पाहून यावयाचे होते. लुईज गेल्या, त्यांनी आजाऱ्यांची चौकशी केली, मुलींना शिकविणाऱ्या स्त्रिया शोधल्या, बिघडलेले हिशेब लावून दिले. २९ नोव्हेंबर १६३३ रोजी त्यांच्या स्वतःच्या घरी काही ग्रामीण मुली एकत्र राहू लागल्या आणि 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या संस्थेचा आरंभ झाला. मुलगा धर्मगुरू झाला नाही. त्याने १६५० मध्ये विवाह केला. आईची त्याच्याविषयीची काळजीही पूर्ण थांबली नाही. १९३४ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले आणि १९६० मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी त्यांना समाजसेवकांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले.

या चरित्रात आम्हांला महत्त्वाचे वाटते ते असे की, संत व्हिन्सेंट यांनी लुईज यांना 'मुलाला विसरा' असे सांगितले नाही. जी बारकाईने लक्ष देण्याची सवय एका मुलाभोवती फिरत होती, तिला त्यांनी अधिक मोठे अंगण दिले. कोण जेवले नाही, कोणाचा चेहरा उतरला आहे, कोणाचे पैसे संपले आहेत हे न सांगता ओळखणे, ही आईवडिलांनी वीस-पंचवीस वर्षांत मिळविलेली विद्या आहे. मूल घराबाहेर पडले म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही.

दुसऱ्यांची मुले आपल्या दारात

ठाण्यातील ख्रिस्ती इतिहासाचा एक फार जुना प्रसंग येथे आठवतो. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू, टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियातील डिमिट्रियस, ठाण्यात हुतात्मे झाले. नंतर काही काळाने येथे येऊन त्यांच्या अस्थी सोबत नेणारे पोर्देनोनेचे धन्य ओडोरिक यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती आणि हे परदेशी पाहुणे त्यांतील एका घरी उतरले होते. ते घर काही आदर्श नव्हते. त्या पती-पत्नीत मोठे भांडण झाले, पतीने पत्नीला मारहाण केली, प्रकरण काझीपुढे गेले आणि त्यातूनच हे धर्मबंधू पुढे आले. हुतात्म्यांचे स्मरण आपण करतोच. आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते त्या घराकडे. मासुंदा तलावाकाठी संत जॉन बाप्टिस्ट चर्च उभे राहण्याच्या कितीतरी आधी ठाण्यातील ख्रिस्ती जीवनाची खूण म्हणून आपल्याला दिसते, ते परक्यांना आसरा देणारे एका सामान्य, भांडखोर जोडप्याचे घर.

आज आपली मुले बंगळुरूत, दुबईत, टोरांटोत कोणाच्या तरी इमारतीत भाड्याने राहतात. तेथील शेजारणीने कधी त्यांना डबा दिला, तापात विचारपूस केली, तर आपण त्या बाईला न पाहताच आशीर्वाद देतो. त्याच वेळी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील इमारतींत, डोंबिवली पूर्वेच्या लहान खोल्यांत, नागपूर, केरळ, झारखंड, ओडिशा येथून आलेली मुलेमुली पेइंग गेस्ट म्हणून राहत आहेत. रविवारी ती चर्चच्या शेवटच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. त्यांचीही कोठेतरी एक हन्ना रस्त्याकडे पाहत बसलेली आहे. क्रुसाखाली येशूने आपल्या आईला शिष्य दाखविला आणि शिष्याला आई दाखविली, आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले (योहान १९:२६-२७). मरियेचा पुत्र दूर जात असतानाच तिला दुसऱ्याचा पुत्र दिला गेला. ख्रिस्ती माणसाच्या घरात मुलांची ही देवाणघेवाण अगदी आरंभापासून आहे.

कल्याण-डोंबिवलीत हे काम करताना एक गोष्ट सांभाळावी. येथे एकाच इमारतीत मुंबई महाधर्मप्रांतातील लॅटिन विधीचे कुटुंब आणि १९८८ मध्ये धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेल्या कल्याणच्या सिरो-मलबार महाधर्मप्रांतातील कुटुंब शेजारी-शेजारी असते, वरच्या मजल्यावर प्रॉटेस्टंट बांधव असतात, आणि बाकी सारे हिंदू, मुस्लीम, बौद्ध. 'हे आपल्या धर्मग्रामाचे नाहीत' असा विचार दार उघडताना मनात येऊ नये.

काय करता येईल?

मोठ्या योजना बाजूला ठेवू. आमच्या पाहण्यात जी कामे खरोखर उपयोगी पडतात, ती दिसावयास फार साधी आहेत.

नोव्हेंबर महिना घ्या. आपण तो मृतांच्या स्मरणाचा महिना म्हणून पाळतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या दृष्टीने तो हयातीचा दाखला देण्याचा महिना आहे. आपण जिवंत आहोत, हे बँकेला दाखवून दिल्याशिवाय पुढचे वेतन मिळत नाही. २०१४ पासून हा दाखला 'जीवन प्रमाण' पद्धतीने संगणकावर किंवा मोबाईलवर देता येतो. परंतु ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, ज्यांना ओटीपी म्हणजे काय हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे संकटच असते. बँकेतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ नोव्हेंबरच्या चार रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात टेबल मांडून बसला, तर कितीतरी वृद्धांची चिंता मिटेल. बंद पडलेल्या कारखान्यांच्या कामगारांच्या विधवांना तर अशा माणसाची फारच गरज असते. फॉर्म भरून देणे ही करुणेची कृती आहे, याविषयी आमच्या मनात मुळीच शंका नाही.

दवाखान्याचेही तसेच. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, किंवा परळचे टाटा रुग्णालय, कोठेही जा, एकट्या रुग्णाला केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागते आणि बसावयाची जागाही धरून ठेवावी लागते. सोबत दुसरे माणूस असले की अर्धे दुखणे हलके होते. सोबत जाणाऱ्याला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. पाण्याची बाटली, जुने रिपोर्ट आणि धीर एवढे पुरते.

रिकाम्या झालेल्या खोलीचा विचारही करावा. आपल्या मुलाचे टेबल, दिवा, पंखा तसाच आहे. दोन घरे पलीकडे एका खोलीत पाच माणसे राहतात आणि त्यांतील मुलगी मार्चमध्ये दहावीला बसणार आहे. तिला शिकवणी द्या असे आम्ही म्हणत नाही. शांत जागा द्या, आणि चार वाजता चहा. यात एक दक्षता अत्यावश्यक आहे. मुलीच्या किंवा मुलाच्या पालकांची संमती घ्यावी, दार उघडे असावे, घरात पती-पत्नी दोघेही असावीत, आणि एकटे राहणाऱ्यांनी हे काम घरी न करता चर्चच्या सभागृहात करावे. बालकांच्या सुरक्षिततेबाबत ख्रिस्तसभेने आता जे नियम घातले आहेत, ते चांगल्या माणसांनाही लागू आहेत.

डोंबिवली आणि कल्याणमधील अनेक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरील आजींचे गुडघे गेले की त्यांचे चर्चही बंद होते. २९ जानेवारी १९७३ च्या 'इम्मेन्से कारितातिस' या आदेशापासून प्रापंचिकांनाही नेमणुकीनंतर पवित्र कम्युनियन घरोघरी नेता येते. हे सेवक आपल्या धर्मग्रामांत आहेत, पण पुरेसे नाहीत. ज्यांची नेमणूक झालेली नाही, ते त्या आजींना रविवारची वाचने वाचून दाखवू शकतात, चर्चमध्ये कोणाच्या लग्नाच्या घोषणा झाल्या ते सांगू शकतात. आजींना बहुधा दुसऱ्या गोष्टीत अधिक रस असतो, आणि त्यात काही वाईट नाही.

विवाहपूर्व वर्गांत तीस वर्षे संसार केलेले जोडपे बोलले की तरुण ऐकतात. मात्र तेथे आपल्या यशाच्या कथा सांगू नयेत. नोकरी गेली तेव्हा काय झाले, सासू-सुनेचे वाद कसे सोसले, हे सांगावे.

काही इशारे

सेवाकार्य हे घरातून पळ काढण्याचे साधन होऊ नये. पत्नी घरी एकटी बसली आहे आणि पती सकाळी मिस्सा, दुपारी समिती, संध्याकाळी जपमाळेची भक्ती अशा चकरा मारीत आहे, हे दृश्य प्रेषितकार्याचे नव्हे. विवाह संस्काराने मुले मोठी होईपर्यंतचा करार केलेला नसतो. पती-पत्नीचे एकमेकांशी बोलणे, एकत्र बाजारात जाणे, झोपण्यापूर्वी दोघांनी मिळून एक प्रार्थना म्हणणे हे पहिले काम आहे. ज्यांचे बोलणे अनेक वर्षे तुटले आहे, त्यांनी आधी त्यासाठीच मदत घ्यावी.

दुसरे असे की, हे सर्वांनाच लागू होत नाही. मुले दूर गेली, पण घरी नव्वदीची आई अंथरुणावर आहे, अशी कितीतरी घरे आहेत. त्यांचे सेवाकार्य घरीच चालू आहे. त्यांना समितीत ओढू नये, उलट आठवड्यातून दोन तास त्यांच्या जागी कोणी बसले तर बरे. निवृत्तिवेतन नसल्यामुळे साठीनंतरही सुरक्षारक्षकाची किंवा घरकामाची नोकरी करणारेही आपल्यात आहेत. काहींची मुले रागाने निघून गेली आहेत आणि फोनही करीत नाहीत. त्यांना उत्साहाचे बोल ऐकवू नयेत. त्यांच्यासोबत बसावे.

आणि धर्मगुरूंना, म्हणजे आम्हां सर्वांनाच, एक विनंती. ज्यांची मुले बाहेर गेली ते म्हणजे सणाच्या स्टॉलसाठी आणि खुर्च्या लावण्यासाठी मिळालेले हक्काचे हात, असे समजू नये. घरभेटीची यादी करताना या घरांवर खूण करावी. मूल निघून गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळापूर्वी तेथे जावे. लघु ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखांकडे अशा घरांची एक किल्ली कोणाकडे आहे आणि परदेशातील मुलाचा फोन क्रमांक कोणता, याची नोंद असावी. ती त्या घराच्या परवानगीने घ्यावी आणि जपून ठेवावी.

शेवटचा मुद्दा सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने परदेशी जाणाऱ्या आयांचा. तेथे नातवंडांना सांभाळणे, त्यांना मराठीतून क्रुसाची खूण शिकविणे, हेही सेवाकार्यच आहे आणि त्याबद्दल कोणी अपराधी वाटून घेऊ नये. फक्त जाण्यापूर्वी आपण ज्या आजारी माणसाला भेटत होतो, त्याची ओळख दुसऱ्या कोणाशी करून द्यावी, आणि घरी एकटे राहणाऱ्या पतीचे नाव समूह-प्रमुखांना सांगून जावे. त्यांना डाळ-भात करता येतो की नाही, हेही सांगावे.